रक्त द्यायला उपाशी

सुईला मी लहानपणापासून भितो. भितो म्हणजे नुसतं तोंड वाकडं करतो असं नाही. सुई दिसली की माझे तळपाय गार पडतात आणि समोरचा माणूस लांबून बोलतोय असं वाटायला लागतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सणासुदीला चिडवायला ते पुरायचं. त्यामुळे अक्काच्या ऑपरेशनसाठी मी रक्त द्यायचं असं ठरलं, तेव्हा कुणी हसलं नाही, यानेच मला जास्त भीती वाटली.

ही नव्वदीतली गोष्ट. आमचं बंगळुरात, चिक्कपेटेत, कापडाचं लहानसं दुकान होतं. वडील वारलेले. घरात आई आणि मी. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन के. आर. पुरमला गेलेली. तिच्या गर्भाशयात गाठ झाली होती आणि अंगावरून इतकं जायचं की ती पांढरीफटक पडली होती. इस्पितळाने सांगितलं, ऑपरेशनला दोन बाटल्या रक्त लागेल, तेवढंच तुम्ही रक्तपेढीत भरायचं, आणि पहिली बाटली भरल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. तोवर बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या होत्या, पण म्हणायचे सगळे बाटलीच. भावजी आधी पुढे झाले होते. त्यांना पूर्वी कावीळ झाली होती, ते त्यांनी लपवलं नाही, आणि पेढीने त्यांना परत पाठवलं. पहिल्या बाटलीला उरलो मी.

गल्लीत जो तो शहाणा. एक म्हणाला, रक्त दिलं की माणूस महिनाभर उभा राहत नाही. समोरच्या भांड्यांच्या दुकानातले अण्णा हळूच म्हणाले, "बघ हं, सुईतनं तो रोग येतो आजकाल." तो रोग म्हणजे कोणता, ते बसथांब्यावरच्या सरकारी पाट्यांवर लिहिलेलं असायचं आणि त्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे. मी रात्रभर तळमळत पडलो होतो. अक्काचं काय होईल ही काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर निम्मी भीती माझी माझ्यासाठीच होती.

आमच्या घरात एक रीत आहे. कुणाचं ऑपरेशन असलं की डॉक्टर त्याला आदल्या रात्रीपासून काही खाऊ देत नाहीत, म्हणून घरातलंही कुणी खात नाही. माणूस तिकडे उपाशी पडलाय आणि आपण इकडे ताटावर बसायचं, हे आम्हाला जमत नाही. त्यात आईने पहाटे कुलदेवीपुढे दिवा लावला आणि म्हणाली, "माझी पोरगी सुखरूप बाहेर येईपर्यंत या घरातलं कुणी अन्नाला शिवणार नाही. तिला सांभाळ." मी मागे उभा होतो. मीही हात जोडले. चहासुद्धा न घेता आम्ही निघालो.

रक्तपेढी इस्पितळाच्या मागच्या अंगाला होती. आत एक डॉक्टरबाई होत्या, कन्नड, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी माझं वजन केलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि विचारत सुटल्या. मलेरिया झाला होता का, कुठली औषधं चालू आहेत का, काल दारू घेतली होती का. आई शेजारी बसली असताना हा प्रश्न मला बरा वाटला नाही. मग त्यांनी विचारलं, "तिंडी आयता?"

आता बंगळुरात हा प्रश्न नाश्ता झाला का म्हणून कुणी विचारत नाही. दुकानात शिरणारा विचारतो, रस्त्यात भेटणारा विचारतो, आणि आपण पोटात काही असो नसो "आयतु", झाला, म्हणतो. मीही म्हणून टाकलं.

"काय आयतु?" आई मराठीत मला म्हणाली, आणि मग डॉक्टरबाईंकडे वळून कन्नडमध्ये, जरा अभिमानानेच, "काल रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही, डॉक्टर. आम्ही सगळेच उपाशी आहोत मुलीसाठी."

डॉक्टरबाईंनी दंडावरचा पट्टा सोडला. "मग मी याचं रक्त घेणार नाही," त्या म्हणाल्या.

आईला वाटलं आपण काही चुकीचं बोललो. तिने विचारलं, रक्ताच्या तपासणीला जाताना उपाशीच जायचं असतं ना? डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. तपासणीला थोडंसं काढतात, इथे पिशवीभर काढायचंय, रिकाम्या पोटी चक्कर येऊन पडतो माणूस, असं त्यांनी समजावलं. "कँटीनमध्ये जा. पोटभर खा, दोन ग्लास पाणी पी, स्वल्प बस, मग ये. पण उशीर नको. वर सर्जन थांबलेत."

कँटीनमध्ये माझ्यासमोर इडलीची बशी आली आणि मला घास उचलवेना. इतका मी सुईलाही कधी भ्यालो नव्हतो. पहाटेच आम्ही देवीला शब्द दिला होता. न खावं तर रक्त नाही, रक्त नाही तर ऑपरेशन नाही. खावं, आणि अक्काला टेबलावर काही झालं, तर? जन्मभर मला ही इडली आठवेल, असं वाटत होतं. मी आईकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. ती देवीशी बोलत होती की हिशेब मांडत होती कोण जाणे. मग तिने बशी स्वतःकडे ओढली, इडली मोडली, सांबारात बुडवली आणि माझ्या तोंडापुढे धरली.

"शब्द मी दिला होता," ती म्हणाली. "तू नव्हतास बोलला. खा."

मी हात जोडले होते, पण ते तिला सांगितलं नाही. बशी तिने अशी भरवून संपवली. स्वतः पाणीसुद्धा घेतलं नाही.

परत गेल्यावर बोट टोचून एक थेंब निळ्या पाण्यात टाकला. थेंब सरळ तळाशी गेला. "सरी," डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणजे रक्तात दम आहे. मग त्यांनी माझ्यासमोर पाकीट फाडून नवी सुई काढली. मी रोगाचं विचारायच्या आधीच म्हणाल्या, "नवीन आहे. एकदा वापरली की टाकून देतो. देणाऱ्याला यातनं काही होत नाही." अण्णा तिथे असायला हवे होते. सुई आत गेली तेव्हा दुखलं, नाही असं नाही, पण मग नुसतं ओढल्यासारखं वाटत राहिलं. हातात रबरी चेंडू होता. मी छताच्या पंख्याकडे बघून तो दाबत राहिलो.

मी विचारलं, हे अक्काला चढवणार ना? त्या म्हणाल्या, नाही, तुझा गट वेगळा. तिच्या गटाचं आमच्याकडे आहे, आधीच कुणीतरी देऊन गेलंय. तुझं आणखी कुणाला जाईल. अक्कासाठी देऊन गेलेला तो कोण असेल, कुठून आला असेल, हे माझ्या डोक्यात फिरत राहिलं. तो नक्की खाऊन आला असणार.

उठू नकोस, थोडा वेळ पडून राहा, असं बजावून त्या दुसऱ्या खोलीत गेल्या. तेवढ्यात भावजी दारात येऊन म्हणाले, "आत घेतलं तिला." आणि मी उठलो. ताडकन. पुढचं मला नीट आठवत नाही. फरशी गार होती आणि माझे पाय कुणीतरी वर धरले होते. आईचा चेहरा वर दिसत होता. तसा चेहरा मी तिचा वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता. एक पोर तिकडे टेबलावर, दुसरं इथे फरशीवर, आणि शब्द मोडलेला. "माझं चुकलं, माझं चुकलं," एवढंच ती म्हणत होती, आणि ते मला नव्हतं.

"काही झालं नाही, अम्मा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लवकर उठला. खाल्लं नसतं तर याहून वाईट झालं असतं." त्यांनी मला सरबत पाजलं. आज स्कूटर नको, या हाताने ओझं नको, पाणी भरपूर पी. मी ऐकत होतो. आई माझा पाय सोडायला तयार नव्हती.

दुसऱ्या बाटलीसाठी के. आर. पुरमहून आमचे दोन चुलतभाऊ निघाले होते. ऑपरेशन लांबलं. आत काय चाललंय कुणी सांगेना. आई थिएटरच्या दारापाशी बसायची सोडून फाटकापाशी जाऊन उभी राहिली. भाऊ बसमधून उतरले आणि लांबूनच म्हणाले, "काकू, आम्हीपण काही खाल्लं नाही हं." त्यांना वाटलं ती खूश होईल. तिने दोघांच्या दंडाला धरलं आणि एक शब्द न बोलता कँटीनकडे ओढत नेलं.

अक्काला बाहेर आणलं तेव्हा ऊन उतरलं होतं. पुष्कळ वेळाने तिने डोळे उघडले. ओठ सुकलेले. मी वाकलो. "तुम्ही जेवला काय सगळे?" तिने विचारलं. तिलाही घरची रीत ठाऊक होती.

"पोटभर," मी म्हणालो.

तिने मान आईकडे वळवली. "आई, तू?"

"मला कुठे रक्त द्यायचं होतं," आई म्हणाली, आणि खाटेच्या कडेला मटकन बसली.