तोटीतले मास्तर

आमची इमारत किटलीच्या आकाराची आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पत्ता विचारणारा माणूस समोर येऊन उभा राहिला तरी फोन करून विचारतो, "ती मोठी किटली दिसतेय, तिच्या शेजारी का?" शेजारी नाही हो, आत. पोटात बावीस बिऱ्हाडं, कानातून जिना, झाकणावर गच्ची. किटल्या बनवणाऱ्या एका कंपनीने ती बांधली. पुढे कंपनी बुडाली आणि खोल्या आमच्यासारख्यांनी विकत घेतल्या. भिंती बाहेर फुगलेल्या असल्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही. मागे जी फट राहते तिच्यात प्रत्येक घराचे हरवलेले चमचे असतात. बाकी तक्रारीला जागा नाही. जमीन सपाट आहे.

सपाट नाही ती फक्त तोटीतली.

तोटी दुसऱ्या मजल्यावरून निघते आणि रस्त्याच्या दिशेने वर चढत जाते. तीस फूट लांब, दाराशी बऱ्यापैकी रुंद, टोकाला दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढीच. टोकाला गोल खिडकी. ती जागा कुणी घेईना. एकतीस वर्षांपूर्वी एक शिंपी आपली बायको आणि शिलाई मशीन घेऊन आला, दारात उभं राहून त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "उजेड चांगला आहे." तेच आमचे मास्तर.

मास्तरांनी त्या उताराशी भांडण केलं नाही. त्यांनी पलंगाचे खालच्या बाजूचे पाय उंच ठेवले आणि वरचे कापले. मशीनचं, टेबलाचं, खुर्च्यांचं तसंच केलं. त्यामुळे तोटीत जमीन सोडून सगळं सपाट होतं. दाराजवळ संसार, वर खिडकीशी दुकान. वहिनींचा बटाटा हातातून निसटला की तडक दाराशी येऊन थांबायचा, आणि येणारं गिऱ्हाईक तो उचलून "वहिनी, हा घ्या" म्हणत आत चढायचं. मी स्वतः किती बटाटे वर नेऊन दिले असतील त्याची गणती नाही.

मास्तर शिवायचे पँटी. फक्त पँटी. शर्टाला ते हात लावत नसत, म्हणत, "शर्टाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं." त्यांचं कसब होतं ते जमिनीशीच. माप घेताना गिऱ्हाइकाला भिंतीकडे तोंड करून आडवं उभं करावं लागे, म्हणजे डावा पाय चढावर आणि उजवा उतारावर. साहजिकच डाव्या पायाचं माप आखूड भरे. मास्तर ते वहीत जसंच्या तसं लिहीत आणि कापताना डाव्या पायाला पाऊण इंच वाढवून घेत. शिवलेली पँट रस्त्यावर नेऊन घातली की दोन्ही पाय असे बरोबर बसत की बघत राहावं.

एकदा मी विचारलं, "मास्तर, एकाच पायाचं माप घेऊन दोन्ही तसेच शिवले तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, एका भावाला विचारून दुसऱ्याचं लग्न ठरवतात का?"

मी बटाटा ठेवला आणि खाली आले.

तर अशा या माणसाला नोटीस आली. शहराच्या बांधकाम खात्याने नवा नियम काढला होता: ज्या खोलीच्या जमिनीचा उतार मंजूर नकाशात दाखवलेला नाही, ती राहण्यास व कामास धोकादायक समजून महिन्याभरात बंद करावी. नोटीस आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावाने आली. सेक्रेटरी म्हणजे आमच्याच मजल्यावरचे शेजारी, नियम म्हटला की ज्यांना भूक लागते अशांपैकी. नकाशा कुणी पाहिलेला नव्हता, पण ते म्हणाले, "नकाशात असला उतार कोण दाखवेल? वेडा आहे का कुणी?" आणि रविवारी सकाळी सहा माणसं लावून त्यांनी मास्तरांचं सामान तळमजल्यावरच्या जुन्या पंपाच्या खोलीत आणून ठेवलं. वाईट हेतू नव्हता. खोलीला त्यांनी स्वतः उभं राहून रंग लावून घेतला होता.

ती खोली चौकोनी आणि सपाट होती. तिथे जमीन सोडून सगळं तिरकं झालं. टेबलावर ठेवलेली कात्री सरकत सरकत खाली पडे. पलंगावर झोपलं की मास्तर आणि वहिनी दोघंही पायथ्याशी गोळा होत. सेक्रेटरींनी विटा पाठवल्या, पायांखाली घातल्या, ते एकदाचं निस्तरलं. पण मास्तरांच्या हाताखाली वीट कशी घालणार?

पहिली पँट आमच्या ह्यांची होती. ऑफिसात मोठे साहेब येणार म्हणून शिवलेली. हे संध्याकाळी घरी आले ते डाव्या पायाचा काठ मातीने भरवून.

"काय हो, हे काय?"

"काही नाही. जरा लांब झाली आहे."

"जरा? तुम्ही जिना झाडत आलात."

"मास्तरांना काही बोलू नकोस," हे म्हणाले. "साहेबांनी विचारलं, पायाला लागलंय का. मी हो म्हणालो. उद्या सुट्टी मिळाली आहे."

मी पँट घेऊन खाली गेले. मास्तरांनी टेप लावली. पाऊण इंच. त्यांनी वही उघडली. वहीत दोन्ही पायांची मापं सारखी लिहिलेली होती, खडूची खूणही बरोबर होती. कात्री मात्र आपल्या सवयीने पाऊण इंच पुढे गेली होती. त्यांनी काठ दुमडून दिला. दुसऱ्या पँटीला तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "वाढवायचं नाही", आणि ते वाचत वाचत वाढवलं. चौथी पँट खुद्द सेक्रेटरींची होती.

"मास्तर, अहो हे काय चाललंय," सेक्रेटरी डावा पाय उचलून म्हणाले. "सभेत मी उभा राहिलो तर लोक माझ्या पायाकडे बघतायत."

"बोलणं ऐकण्यासारखं असतं तर वर बघितलं असतं," आतून वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही लक्ष देऊन कापा ना जरा."

"लक्ष देतोय म्हणूनच होतंय, साहेब," मास्तर म्हणाले. "तोटीत मी लक्ष देत नव्हतो."

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी एक फळी आणून दिली, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ. गिऱ्हाइकाने तिच्यावर उभं राहायचं. त्याचाही उपयोग झाला नाही, कारण मास्तर स्वतः सपाटीवर होते. दुसरी फळी मास्तरांसाठी आली. मग गिऱ्हाईक आणि मास्तर दोन फळ्यांवर समोरासमोर उभे राहून एकमेकांचे खांदे धरायला लागले, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून विचारू लागले की इथे नाच शिकवतात का. दोघांनी तर चौकशी करून फीसुद्धा विचारली.

तिसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक यायचं बंद झालं. वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या. भांडणाऱ्या बाईचं गप्प बसणं मला बघवत नाही.

"माझ्या भावाकडे जाऊ म्हणतात," त्या म्हणाल्या. "मशीन विकून टाकू म्हणतात. तिथे जाऊन काय करणार, तर म्हणे बसणार. एकतीस वर्षांत हा माणूस नुसता बसलेला मी पाहिला नाही."

"हात पुन्हा वळेल, वहिनी. सवय आहे, जाईल."

"हात विसरला असता तर शिकवला असता हो. हा विसरत नाही, हेच दुखणं आहे." त्यांनी माझ्या हातातली शेंग घेतली आणि सोलायला लागल्या. "सोमवारी तोटीला कुलूप लावायला साहेब येणार आहे. ते झालं की मंगळवारी निघायचं म्हणतात. एकदा डोळ्यांनी बघून जातो म्हणाले."

सोमवारी तपासनीस आले. बारीक अंगाचे, शांत, बगलेत भलीमोठी गुंडाळी. सेक्रेटरी त्यांना जिन्याने वर घेऊन गेले, मागे मास्तर, वहिनी, मी, आणि ज्यांना काही काम नव्हतं असे सगळे. रिकाम्या तोटीत तपासनिसांनी पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा पळत पळत टोकाला जाऊन बसला.

"बघा," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. "कुलूप मी आणलं आहे."

"नकाशा बघावा लागेल," तपासनीस म्हणाले. "नियमात 'नकाशात न दाखवलेला उतार' असं आहे. मी दप्तरातून काढून आणलाय." त्यांनी गुंडाळी उतारावर सोडली, ती आपोआप उलगडत दाराशी गेली. मास्तरांनी सवयीने पायाने अडवली.

तपासनीस उकिडवे बसून बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"तोटी," ते म्हणाले. "इथे लिहिलंय, 'कार्यालय. जमिनीस उतार, आठ फुटांस एक फूट.' खाली सही, शिक्का. उतार मंजूर आहे."

मास्तरांनी भिंतीला हात टेकला.

"म्हणजे कुलूप नाही?" वहिनींनी विचारलं.

"या खोलीला नाही."

"मग कुठल्या खोलीला?" सेक्रेटरी म्हणाले.

तपासनिसांनी बोट किटलीच्या पोटावर ठेवलं. आम्ही सगळे वाकलो. नकाशात पोटात ना मजले होते, ना खोल्या, ना भिंती. निळ्या शाईने भरलेला एक मोठा गोल होता आणि त्यात सुबक अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: पाणी.

कंपनीच्या मालकाला खरोखरची किटली हवी होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पोटात पाणी भरायचं आणि तोटीत ऑफिस थाटायचं, असा त्याचा बेत. मग बहुधा पोटात भरायला पाण्यापेक्षा कारकून स्वस्त पडले असावेत. नकाशा मात्र कुणी बदलून घेतला नाही.

"साहेब, पण आम्ही तिथे राहतो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बावीस कुटुंबं."

"कागदाप्रमाणे तिथे पाणी आहे."

"पाणी नाहीये हो. माझं दिवाणखान्याचं सामान आहे. हवं तर येऊन बघा."

"बघितलं तर मला लिहावं लागेल," तपासनीस मृदू आवाजात म्हणाले. "टाकीत बिनपरवाना माणसं. मग मात्र कुलूप आणलंत ते उपयोगी पडेल."

तपासनीस मनाने चांगले असले पाहिजेत, कारण त्यांनी बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळलं आणि शेवटी एक पान सापडलं. टाकीत माणसांनी उतरायला एकाच कारणासाठी मुभा होती: साफसफाई. उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा अर्ज भरायचा आणि त्यावर इमारतीतल्या मंजूर जागेच्या ताबेदाराने सही करायची. मंजूर जागा एकच होती. तिचा ताबेदार भिंतीला टेकून उभा होता.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. सेक्रेटरींनी कुलूप पाठीमागे धरलं.

"मला वेळ नाही," मास्तर म्हणाले.

सेक्रेटरी पुढे आले. "मास्तर, अहो, एवढ्या वर्षांचा शेजार..."

"अहो, वेळ नाही म्हणजे आज नाही. आधी सामान वर आणायचंय. आणि तुमची पँट उसवायची आहे."

ती सहा माणसं त्याच संध्याकाळी पुन्हा लागली. या वेळी सेक्रेटरी सातवे होते. पलंगाचा उंच पाय त्यांनी स्वतः धरला होता. मास्तरांनी खिडकीशी मशीन लावलं, टेबलावर कात्री ठेवली. ती जागची हलली नाही. त्यांनी सेक्रेटरींना भिंतीकडे तोंड करून आडवं उभं केलं आणि टेप काढली.

"हलू नका."

"माप आहे की तुमच्याकडे माझं."

"ते खालचं आहे. खालच्या मापावर माझा विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी उसवून पुन्हा शिवलेली पँट घालून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. तोटीच्या खिडकीतून मास्तर खाली बघत होते. सेक्रेटरींनी आधी डावा पाय पाहिला, मग उजवा, मग चार पावलं चालून परत आले. काठ दोन्हीकडे बुटाला बरोबर टेकत होता. त्यांनी वर बघून हात केला. खिडकीत कुणी नव्हतं. मशीनचा आवाज सुरू झाला होता.

मग अर्ज घेऊन आम्ही सगळे ओळीने तोटीत चढलो. माझी पाळी आली तेव्हा मास्तर चष्मा लावून, जीभ दातांत धरून, एकेक रकाना भरत होते. अक्षर अगदी मापाच्या वहीतलं.

"टाकीत उतरलेली माणसं किती?"

"चार."

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं झाली."

त्यांनी लिहिलं. "साफसफाई कधीपर्यंत पूर्ण होईल?"

मी विचार केला. सकाळचा ओटा, दुपारची भांडी, ह्यांचे बूट, मुलांची दप्तरं.

"मास्तर, खरं लिहायचं का?"

"सही माझी आहे, ताई. खरंच सांगा."

"मग लिहा, सांगता येत नाही."

त्यांनी ते लिहिलं, सही केली आणि पुढच्या माणसाला वर यायला सांगितलं.