उजव्या खांद्यावरचा पदर

घडी खात्यात मी बारा वर्षं उभी राहिले. साडीची घडी बसून घालता येत नाही, टेबल कमरेएवढं असतं. गुजरातेतल्या पांडेसऱ्याच्या साडी मिलमध्ये पाय असे सुजायचे की सुटी झाल्यावर चपलेत जात नसत. मग चपला पिशवीत टाकून अनवाणी घरी. नवरा गेलेला, दोन पोरी शाळेत. पाय दुखले म्हणून कोण थांबतं? चाललं.

मग शेठनं कॉम्प्युटर आणला. दोन हजार साल लागायला थोडंच बाकी होतं. शेठकडं जुन्या साड्यांचे फोटो डबेच्या डबे पडलेले, पण कागदावरचे नाहीत. इवल्याशा फिलमा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या. स्लाइड म्हणत त्याला. उजेडाकडं धरली की आत साडी नेसलेली बाई दिसायची. ते सगळं कॉम्प्युटरात घालून सीडी करायची आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना पाठवायची, असं शेठच्या मनात. पण पुठ्ठ्यांना बुरशी आलेली. फिलम काढायची, पुसायची, प्लास्टिकच्या नव्या चौकटीत बसवायची, वर जुना नंबर लिहायचा. हलक्या हाताची बाई पाहिजे म्हणून सुपरवायझरनं मला पुढं केलं. मी तिसरी शिकलेली, आकडे येतात.

आणि तिथं खुर्ची होती! एसी पण होता, तो कॉम्प्युटरसाठी. मला फुकटात मिळाला.

घरी नवागामला शेजारणीनं ऐकलं तर म्हणते, "काय व माय, तू ते सायबीण व्हई गयी!"

"हो ना," मी म्हटलं, "आता भेटायचं तर आधी चिठ्ठी पाठव."

महिनाभरात पायाची सूज उतरली. किती वर्षांनी घोटा दिसला मला माझा.

कॉम्प्युटरवाला चाळिशीचा गुजराती माणूस, मला मासी म्हणायचा, म्हणजे मावशी. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मासी, फिलमची चमकती बाजू नंबरकडे ठेवायची." मी बसवून दिलेल्या स्लाइडा तो मशीनच्या काचेवर मांडायचा, झाकण लावायचा. आत उजेड सरकायचा आणि बाई पडद्यावर यायची. इतकं सावकाश, की तोवर चहा पिऊन कप धुऊन व्हायचा.

एक दिवस कप धुऊन आले आणि पडद्याकडं बघितलं. बाईचा पदर उजव्या खांद्यावरून मागं गेलेला. पुढची बाई, तिचाही तसाच. अख्खा डबा तसा!

मला लगेच कळलं. घडी खात्यात साडीची चमकती बाजू आत घालतात, मळू नये म्हणून. बारा वर्षांची सवय. त्या डब्याच्या वेळी डोकं घरी होतं, धाकटीला ताप होता. हातांनी आपल्या मनानं चमकती बाजू खाली घातली आणि वरून चौकट दाबली. सगळ्या फिलमा उलट्या.

आता बोलावं तर परत घडी खात्यात. गप्प बसावं तर कोणाला कळतंय? नक्षी उलटी झाली तरी नक्षीच दिसते. पण त्या बाया बघवेनात. असा पदर घेतलेल्या बायांना गावोगाव पाठवायचं?

"भाई, हे फोटो उलटे आलेत."

"उलटे क्यां? आ तो गुजराती पल्लू छे, मासी. आपल्या बायका उजवीकडेच घेतात."

"घरी बायकोकडं कधी बघता की नाही? गुजराती पदर मागून पुढं येतो. हा पुढून मागं चाललाय."

तेवढ्यात शेठ आत आले. त्यांनीही चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "बराबर तो छे."

दोन बाप्यांपुढं काय डोकं फोडायचं? मी खुंटीवरची ओढणी घेतली, कॉम्प्युटर झाकायची. आधी गुजराती घेऊन दाखवली, मग आपली. मग पडद्यावरच्या बाईसारखी घेऊन उभी राहिले. "सांगा, कोणत्या गावची बाई असं नेसते?"

शेठ हसायला लागले. मग एकदम हसायचे थांबले. "आ कोणी बसवल्या?"

कॉम्प्युटरवाला स्क्रीनकडं बघायला लागला. चांगला माणूस, नाव घेईना.

"मी," म्हटलं. "घडीच्या सवयीनं चमकती बाजू खाली गेली. या डब्यातल्या सगळ्या."

मी पिशवी उचलली. आत जेवणाचा डबा होता, खोलीबाहेर काढलेल्या चपला होत्या.

"पिशवी घेऊन क्यां चाली?"

"घडी खात्यात."

"अने आ डबो कोण सुलटो करशे, मी?" शेठनं डबा माझ्यापुढं सरकवला. "बेस खुर्चीवर. आणि आजपासून सीडीत जायच्या आधी एकेक फोटो तू बघायचा. आम्हाला पदरातलं कळत नाही."

मी बसले. पहिली चौकट उघडली, फिलम काढली आणि चमकती बाजू कुठली ते उजेडाकडं धरून दोनदा बघितलं.