स्टुलाभोवतीचा पिवळा चौकोन

मित्राच्या कारखान्यात आवराआवरीची मोहीम चालू होती. जी वस्तू कामाची नाही तिला लाल चिठ्ठी, आणि चिठ्ठी लागली की थेट भंगारात! सुपरवायझर देशपांडेबाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन अशा काही फिरत होत्या, की पाहुणा असूनही मी पोट आत ओढून उभा राहिलो.

लेथवरच्या शिंदेमामांच्या लाकडी स्टुलापाशी त्या थांबल्या.

“मामा, मशीनला हे कशाला लागतं?”

“मशीनला नाही, माझ्या गुडघ्यांना लागतं, बाई. दिवसभर उभं राहवत नाही आता.”

“मग चिठ्ठी गुडघ्यांनाच लावा की!” शेजारच्या मशीनवरून साळुंखे ओरडला. सगळे हसले. मामांनी मात्र स्टूल घट्ट धरलं.

बाईंनी चिठ्ठी खिशात घातली, रंगाचा डबा मागवला आणि स्टुलाभोवती जमिनीवर पिवळा चौकोन आखला. “ही याची जागा. कुणी हलवायचं नाही.”

ओला रंग चुकवत मामा ऐटीत बसले.

उतारवयात माणसाला आणखी काय हवं असतं? कुणीतरी आपल्याभोवती रेघ ओढावी आणि म्हणावं, हे इथलंच आहे.

घरी सोफ्यावर बसून मी हे बायकोला रंगवून सांगत होतो. “पाय वर घ्या, केर काढायचाय,” ती म्हणाली.

पण उठा म्हणाली नाही!