अकरा जणांचा अर्ज

होमगार्डमध्ये असताना आम्ही दर रविवारी साखरखेर्ड्याच्या एका शाळेच्या मैदानावर कवायत करायचो. हातात लाठी. बंदूक फक्त शिबिरात, तीही पाचच गोळ्यांपुरती. एवढ्या तयारीवर कारगिलच्या उन्हाळ्यात आम्ही अकरा जणांनी लढाईवर जायचं ठरवलं.

कल्पना माझ्या मित्राची. शेतकरी घरातला, नेमबाजीत आमच्या सगळ्यांच्या पुढे. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहिला: आम्हांस बंदुका देऊन सीमेवर पाठवावे. पहिली सही त्याची, दुसरी माझी. अर्ज सिंदखेडराजाला राहणाऱ्या आमच्या साहेबांच्या हातात द्यायचा होता. ते होमगार्डचे तालुक्याचे प्रमुख, पेशानं मास्तर.

मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत त्यांची बायको गहू पाखडत होती. तो आवाज ऐकत उभा राहिलो आणि कळलं, आपल्याला जायचं नाही. नुसतं माझं नाव खोडलं असतं तर गावाला कळलं असतं. म्हणून अर्ज तसाच घेऊन मागे फिरलो आणि एसटी स्टँडच्या मागे फाडून टाकला. अकराच्या अकरा नावं.

गावात सांगितलं, "साहेबाच्या हातात दिला."

अर्ज गेला म्हणजे माणसं गेलीच, असं गावानं धरलं. हुकमाची वाट कुणी पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या पारावर आम्हाला ओवाळलं, नारळ दिले, बाया रडल्या. मित्राची सोयरीक बीबी गावात जुळली होती. ही बातमी पोचली तशी पोरीच्या बापानं नकार कळवला. लढाईवर जाणाऱ्याला पोरगी द्यायची त्याची तयारी नव्हती.

मग लढाई संपली. आम्ही गावातच. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं. त्याला मात्र चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी विचारायचं, "काय बे, कश्मीर कसं हाय? थंडी गिंडी?"

एक दिवस तो मला घेऊन साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "माझ्याकडे असा अर्ज आलाच नाही."

"यानं तुमच्या हातात देला, साहेब. खोटं काऊन बोलता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "देला होता." त्यांना तेव्हाच कळलं असावं.

मित्रानं भर बाजारात त्यांना शिव्या घातल्या. नोकरी वाचवायला अकरा जणांचा अर्ज दाबला, असं तो सांगत फिरला आणि लोकांना ते पटलं. साहेब वारले तेव्हा आमच्या गावातून कुणी गेलं नाही. मीही नाही.

गेल्या मे महिन्यात सीमेवर पुन्हा गोळाबार सुरू झाला. मित्र आता पन्नाशीचा, गुडघे धरलेले. मला शेतात बोलावून म्हणाला, "पुन्हा एक अर्ज लिही. बंदूक नाही तं नाही, पुलावर पहाऱ्याले तरी बसवतीन. या टायमाले मी सोता नेऊन देतो. त्या मास्तरासारखा कोनी मंधात नको."

मला पुढे ऐकवेना. सगळं सांगून टाकलं. शेवटी, इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो तेही बोललो, "नाही तरी आपल्याले कोन नेलं असतं?"

तो उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचा एक फाटा मोडत बसला.

"नसतंच नेलं," तो म्हणाला. "पन नाही म्हनाचं असतं तं त्यायनं म्हटलं असतं. तू कोन?"

त्यानं फाटा फेकून दिला.

"पोरगी गेली, त्याचं जाऊ दे. आता लेकरं बाळं हायेत मले. पन त्या मानसाले म्या चारचौघात चोर म्हटलं. तुह्या शब्दावर म्हटलं बे."

तो उठला. साहेबांची बायको अजून सिंदखेडराजालाच राहते. त्यानं मोटरसायकल सुरू केली. मी मागे बसायला गेलो.

"तू नको येऊ," तो म्हणाला. "तिथं तुह्यं नाव घ्या लागते. तू समोर असला तं माह्याच्यानं ते घेनं होनार नाही."