टाचा न टेकवता

मुलांसाठी सिनेमे करणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिचं मन फुलासारखं असणार. फूल कसलं डोंबलाचं! मी महाभित्री आहे. पाल पडली तर पलंगावर चढते, लिफ्टमध्ये एकटी जात नाही, आणि मार्च लागला की माझ्या पोटात जो गोळा येतो तो एप्रिल संपेपर्यंत हलत नाही. पालीचं आणि लिफ्टचं कारण मला माहीत नाही. मार्चचं माहीत आहे. ते मी स्वतः लिहिलं आहे, एपिसोडमागून एपिसोड, आणि प्रत्येकाखाली माझं नाव आहे.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीहून आत, जंगलाला लागून. दादाचं हायवेवर ट्रकच्या टायरांचं दुकान. घरी माय, दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. माझ्या मायचा डावा गाल अस्वलाने फाडला होता, डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत. मी तान्ही होते तेव्हाची गोष्ट. माय त्या बाजूने कायम पदर घ्यायची, कणीक मळताना पदराचं टोक दातात धरायची. आमच्याकडे अस्वल म्हणजे गंमत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, ती वेचायला बाया भल्या सकाळी जातात, आणि त्याच फुलांसाठी तेही येतं. म्हणून मोहाखाली गुपचूप जायचं नाही. डबा बडवत, खाकरत, वाटल्यास शिव्या देत जायचं. "ते वाईट नसते," माय सांगायची. "ते दचकते. त्याले आधी कळू द्यावं का आपण येऊन राहिलो."

हा नियम मी अ आ इ ई च्या आधी शिकले, आणि पुढे पोटासाठी तोच उलटा केला.

१९९९ साली मी मुंबईला गेले. गोंदियाच्या कॉलेजात तीन वर्षं काढल्यामुळे हिंदी जिभेवर होती, तेवढ्या भांडवलावर एका दिग्दर्शकाच्या हाताखाली लागले. ते घरगुती सिनेमे करायचे, शेवटी सगळं कुटुंब एकाच खोलीत उभं राहून रडतं तसले. मी पाचवी सहायक. मागच्या शॉटमध्ये सुनेच्या हातात किती बांगड्या होत्या, दुधाचा पेला किती भरलेला होता, हे लिहून ठेवायचं. मी घाबरत घाबरत सगळं तीनतीनदा तपासायची, म्हणून माझ्या चुका होत नसत. ते म्हणायचे, हिची भीती कामाची आहे.

पाच-सहा वर्षांनी कार्टूनचं पीक आलं. देशी मालिका हव्या होत्या, हिंदीत लिहिणारे हवे होते. मी स्टुडिओत गेले तर निर्माता म्हणाला, "जंगल, एक छोटी लड़की और एक भालू. भालू एकदम क्यूट." मी म्हटलं, भालू क्यूट नसतो. सगळे हसले. "मॅडम, बच्चों का शो है." माझं भाडं थकलं होतं आणि सिनेमाचं काम बंद पडलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, क्यूट.

कार्टूनमध्ये पात्र बोललं की त्याचं तोंड अक्षराअक्षराला हलवावं लागतं. न बोलणारं पात्र स्वस्तात होतं. म्हणून मी एक चलाखी केली: माझं अस्वल लाजाळू केलं. आवाज झाला की ते पळून जातं. मग मुलीने चपला काढायच्या, टाचा न टेकवता नुसत्या चवड्यांवर चालत जायचं, तळहातावर मोहाची फुलं धरायची, आणि कोणी कितीही हाका मारल्या तरी हूं की चूं करायचं नाही. मग अस्वल येतं, फुलं खातं, आणि शेवटी त्याच्या नाकात परागकण जाऊन ते तीनदा शिंकतं. शिंकलं की खेळ संपला, आता सगळ्यांनी बोलायचं, हसायचं. त्या शिंका आधी मीच दिल्या होत्या, चित्रं काढणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून नमुन्याच्या आवाजात. स्टुडिओ लोटपोट झाला. निर्माता म्हणाला, बोलण्याचं काम अर्ध्यावर आलं, मॅडम, आप जीनियस हो.

मला तेव्हा एकदाही मायचा गाल आठवला नाही. खोटं कशाला बोलू, एकदा आठवला होता. मी उठून पाणी प्यायले आणि पुढचा सीन लिहिला.

मालिका चालली. आमच्या गावातही घराघरांवर डिशच्या छत्र्या आल्या होत्या, माझी भाची टीव्हीपुढून हलत नसे. सहा वर्षांची होती. आजीचा गाल कशाने असा झाला, असं तिने विचारलं तेव्हा वहिनीने सांगितलं, उकळतं दूध सांडलं. पोरीला जंगलाची धास्ती नको म्हणून. वहिनीने मला फोनवर हे सांगितलं, मीही म्हटलं, बरं केलं वहिनी. मला काय, माझ्या अस्वलाचा आब राहत होता.

त्या वर्षी होळी होऊन आठवडा झाला होता, मी घरी आले होते. भाचीला स्टुडिओतलं कापडी अस्वल आणलं होतं. माय तापाने निजलेली. मी ओसरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, मुंबईहून एपिसोडसाठी तगादा चालू होता. भाची येऊन खेटून बसली.

"आत्या, ते खरंच मोहाखाली येते का?"

"येतं."

"आपल्या झाडाखाली बी?"

"हो गं."

"मंग चूप जावं लागते ना?"

"हो, चूप," मी म्हटलं. मान वर करूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या आवाजाने जाग आली. सहा वाजून गेले होते, चांगलं उजाडलं होतं. "पोट्टी कुठी हाये?" अंथरुणात नव्हती, शेजारी नव्हती. कापडी अस्वलही नव्हतं. फाटकाजवळ तिच्या चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. आमची पोरगी चपला फेकणारी, तिने त्या नीट ठेवल्या होत्या. मी फाटकाबाहेर वाकून बघितलं. जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या धुळीत बारीक पावलं उमटली होती. पाच बोटं आणि चवडा, पाच बोटं आणि चवडा. टाच एकाही पावलाला नव्हती.

हातपाय गार पडणं म्हणजे काय ते मी तोवर फक्त लिहिलं होतं. त्या दिवशी माय तापात होती, म्हणजे आमच्या झाडाखाली डबा वाजवणारं कोणी नव्हतं. इतर बायांची झाडं दुसऱ्या अंगाला. मी पावलांकडे बोट दाखवलं. दादाने ती पावलं पाहिली आणि धावत सुटला. माझ्या मागून माय आली, तापलेल्या अंगाने, डोक्यावर पदर नाही, हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. तो बडवत ती माझ्या पुढे निघून गेली. शेजारपाजारचे चार-सहा लोक आले.

झाड अर्ध्या कोसावर होतं. वाटेत एक वारूळ उकरलेलं दिसलं, माती अजून ओली, नखांचे लांब ओरखडे. दादाने ते पाहिलं आणि त्याचा आवाजच बदलला. तो तिच्या नावाने ओरडत होता, वहिनी ओरडत होती, डबा वाजत होता. झाडाखाली पोचलो. फुलं तुडवलेली होती. एका ठिकाणी कापडी अस्वल बसवून ठेवलेलं, समोर पानावर फुलांची रास. पोरगी नाही.

"अवं बाई, ओ दे वं!" वहिनी छाती पिटत होती.

काहीच नाही. पलीकडे पळसाची दाट झुडपं, करवंदीच्या जाळ्या, त्यात पानही हलेना. आणि मग माझ्या ध्यानात आलं. ती मेली असेल म्हणून गप्प नाही. ती गप्प आहे, कारण कोणी कितीही हाका मारल्या तरी हूं की चूं करायचं नाही. आम्ही जितकं ओरडू तितकी ती आत आत सरकेल. आणि आत काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

"सगळे गप्प बसा," मी म्हटलं. "डबा थांबव, माय."

मायने माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाही. पदर नव्हता, तो गाल पूर्ण उघडा होता. "येडी झाली का तू? इथं चूप रावं म्हनते?"

"माय, पाया पडते. थांबव."

तिने डबा थांबवला. काठी पत्र्याला लागून अजून एक-दोनदा टकटक झाली, मग तीही थांबली. जंगल एकदम मोठं झालं. मला वाटलं, आता कुठल्याही झुडपातून ते उठेल आणि ते मीच बोलावलेलं असेल. मी नाक दाबलं आणि शिंकले, स्टुडिओतल्यासारखी, जाड, ओली, मूर्ख शिंक. एक. आवाज चिरकला. दोन. दादा माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं हिचं डोकं फिरलं. तीन.

काही नाही. मी पुन्हा सुरू केलं, एक, दोन, आणि तिसऱ्याला करवंदीच्या जाळीतून खुदकन हसू आलं.

ती बाहेर आली. फ्रॉक फाटलेला, दोन्ही मुठींत चुरगळलेली फुलं. वहिनीने तिला आधी एक रट्टा दिला आणि मग अशी आवळली की पोरीचा श्वास कोंडला. पण पोरगी आमच्यावरच चिडली होती.

"तुमी काऊन ओरडले? ते आलं होतं! तिकडं तोंड करून बसलं होतं. मोठ्ठं. मी जवळ गेली होती. तुमी डबा वाजवला अन् ते पळालं." मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून, "आत्या, तूच तं म्हनली होती, चूप रावं लागते."

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

माय खाली बसली, तिथेच, फुलांच्या चिखलात. तिने पोरीला जवळ ओढलं, तिच्या मुठीतली फुलं झटकली आणि तो चिकट हात आपल्या गालावर ठेवला. "हे दुधानं नाही झालं. माह्याकडं बी आलं होतं ते."

पोरीने बोट फिरवून बघितलं. "तू ओरडली नाही?"

"त्या दिवशी डबा वाजवला नाही मी. तुही आत्या पाठीवर बांधली होती. रातभर रडून नुकतीच निजली होती. म्हटलं, डब्यानं उठन."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या घरात वाढले, कधी कोणाच्या तोंडून निघालं नाही. मी तिथून वाटेतल्या वारुळापाशी गेले आणि ओकले.

त्या दिवशीच मुंबईला फोन केला. निर्माता म्हणाला, मॅडम, भालूच्या चित्राचे टिफिन, दप्तरं बाजारात आहेत, आता तो कसा बदलणार? भांडून उपयोग झाला नाही. उरलेले एपिसोड करारात बांधलेले होते, ते मी लिहून दिले. हो, दिले. एकात मुलगी डबा वाजवत जाते असा सीन घुसवला होता, तो कापला गेला. मग मी कार्टून सोडलं आणि चार वर्षं दारोदार फिरून स्वतःचा सिनेमा केला, आमच्याच गावाजवळ. एक म्हातारी, एक नात, एक तेलाचा डबा. अस्वलाचं तोंड त्यात मी एकदाही दाखवलं नाही. गोंदियात शाळेच्या पोरांना दाखवला तेव्हा माय पहिल्या रांगेत बसली होती, पदर खांद्यावर. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरा हाये. पण डबा लयच हळू वाजवते तुही पोट्टी."

चार-दोन महोत्सवांत सिनेमा गेला आणि संपला. अस्वल मात्र संपलं नाही. परीक्षा झाल्या, सुट्ट्या लागल्या की ते पुन्हा लागतं, आता आणखी कितीतरी भाषांत. म्हणजे बरोबर मोह पडायच्या दिवसांत. ज्या गावांत मोह आहे, अस्वल आहे आणि टीव्ही आहे, तिथे कुठेतरी एखादं पोर सकाळी चपला काढून नीट ठेवत असेल. माझी माय तिथे नाही. मी तिथे नाही शिंकायला.

मायला आता चालवत नाही. भाची अकरावीत आहे, मोहाला तीच जाते. नको जाऊस म्हणून मी शंभरदा सांगितलं, ती मला हसते. मग आमचं एक ठरलं. मोहाच्या दिवसांत सकाळी फाटकाबाहेर पडताना ती मला फोन लावते, तो ओढणीत खोचते आणि डबा बडवायला लागते. मी मुंबईत खिडकीशी उभी राहून ऐकते. झाडापर्यंत बरीच वाट आहे, मध्ये रेंज जाते तेव्हा माझाही श्वास जातो. मग पुन्हा पत्र्याचा आवाज येतो.

"ऐकू येऊन राहिलं का, आत्या?"

"येऊन राहिलं."

"पोचली मी. ठेवू आता?"

"नोको ठेवू," मी म्हणते. "वाजव. अजून जोरात वाजव."