चौऱ्याऐंशी घड्याळं, एक अँटेना

माझी ताई इस्पितळातली घड्याळं लावते म्हटलं की लोकांना वाटतं, ती भिंतीत खिळे ठोकते. तसं नाही. चार मजल्यांवरची चौऱ्याऐंशी घड्याळं एकच वेळ दाखवतायत हे बघणं तिचं काम. बाळ किती वाजता जन्मलं, माणूस किती वाजता गेला, सगळं त्यांच्याकडे बघूनच लिहितात. एकोणीस वर्षं दर सोमवारी ती स्टूल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली आणि मागे पडलेल्यांचे कान पिळत आली. घरच्या एकाही लग्नाला मात्र ही बाई वेळेवर पोहोचलेली नाही.

मग साहेबांनी नवी यंत्रणा आणायची ठरवली. गच्चीवर अँटेना बसवायची, ती उपग्रहांकडून वेळ घेणार आणि तळमजल्यावरचा डबा ती वेळ सगळ्या घड्याळांना वाटणार. एक डबा बंद पडला तर अडायला नको म्हणून दोन आणले. अँटेना, केबल आणि बाकीचं किडूकमिडूक ताईने निवडायचं होतं.

"जमलं तर यंत्रणा तुमच्या ताब्यात," साहेब म्हणाले. "नाहीतर देखभाल कंपनीकडे देऊ. तुम्हाला जुन्या कागदांच्या खोलीत जागा आहे."

ती खोली तळघरात आहे. तिला खिडकी नाही.

ताई कॅटलॉग घेऊन माझ्याकडे आली. मी घरोघरी टीव्हीच्या डिश बसवतो, त्याच इस्पितळातल्या वॉर्डांचे टीव्हीही माझ्याचकडे आहेत. त्यामुळे आकाशातलं सगळं मला कळतं असा तिचा समज. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

"अँटेना जास्त ताकदीची घ्यावी ना?"

"घ्यावी की."

"पण इथे लिहिलंय, केबल आखूड असेल तर जास्त ताकद डब्याला सोसत नाही."

"मग कमी ताकदीची घे."

"मग केबल लांब असली तर सिग्नल वाटेतच मरतो."

"जाड केबल घे."

"जाड केबल जिन्याच्या कोपऱ्यात वळत नाही रे."

अर्ध्या तासात मी पुरता भंजाळलो आणि तिच्यावरच खेकसलो. ती शांतपणे दोरी घेऊन जिना मोजायला गेली. वळणं धरून बेचाळीस मीटर भरले. सिग्नलला केबलमधून खाली यायला जो काही कणभर उशीर होतो, तोही डब्याला सांगावा लागतो, हे तिनेच वाचून काढलं.

"म्हणजे वेळेलाही यायला वेळ लागतो?" मी विचारलं.

"लागतो. पण किती ते सांगितलं की डबा सांभाळून घेतो."

शेवटी तिने मध्यम ताकदीची अँटेना, जरा जाड केबल आणि वीज पडली तर डबे वाचवणारा एक तुकडा मागवला. अडलं ते एकाच गोष्टीवर. एका केबलच्या दोन वाटा करून दोन्ही डब्यांना जोडणारी डबी यायला दीड महिना लागणार होता.

"दीड महिना कशाला? माझ्या पिशवीत अशा दहा पडल्यात," मी म्हणालो. टीव्हीची डबी काढली आणि बसवून टाकली.

दोन्ही डब्यांवर लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली, अँटेना सापडत नाही. अँटेना तर गच्चीवर उन्हात उभी होती. आम्ही ती पाण्याच्या टाकीपासून लांब नेली, मग दुसऱ्या कोपऱ्यात नेली. मी सगळे जोड कापून पुन्हा केले. ताई दिवसभर खालीवर करत होती आणि दर खेपेला तिचा चेहरा जास्तच गोंधळलेला दिसायचा. "मी मोजण्यात चुकले का रे?" असं तिने किती वेळा विचारलं ते मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

"हिने केबलच चुकीची आणली," मी म्हणालो. "मी असतो तर असली घेतलीच नसती."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

मग डबे बनवणाऱ्या कंपनीने एक बाई पाठवल्या. त्यांनी माझी डबी उलटसुलट करून पाहिली, काढून बाजूला ठेवली आणि केबल सरळ एका डब्याला जोडली. थोड्या वेळात हिरवा दिवा लागला.

"अँटेनाला वीज याच केबलमधून वर जाते," त्या म्हणाल्या. "ही टीव्हीची डबी ती जाऊच देत नाही. कोणी लावली?"

साहेब समोर होते. वॉर्डांच्या टीव्हींचं कंत्राट पुढच्या महिन्यात पुन्हा ठरायचं होतं. मी तोंड उघडण्याआधी ताई म्हणाली, "मी."

मी बाजूला ठेवलेली डबी उचलून पिशवीत टाकली.

"आधी केबल चुकली, आता डबी," साहेब तिला म्हणाले. "बाई, हे काही तुम्हाला झेपायचं नाही."

संध्याकाळी तिचं सामान घेऊन आम्ही तळघराचा जिना उतरत होतो. मध्येच ती थांबली.

"केबल तर तीच आहे ना रे? मग हिरवा दिवा लागला कसा?"

"केबल बरोबर होती, ताई," मी म्हणालो. "अँटेनाही. तू निवडलेलं सगळंच बरोबर होतं."

तिने हातातलं खोकं पायरीवर ठेवलं.

"साहेब अजून वर असतील," ती म्हणाली.

मला स्वतःची लाज वाटत होती. तरी मी तिचं खोकं उचलून जिना उतरत राहिलो.