गळाच्या काठीची मूठ

नव्वदच्या दशकात नेरूळच्या आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट होते आणि दिवे दोनच घरांत लागायचे. बाकीच्यांनी नुसती घरं घेऊन ठेवलेली. वरच्या मजल्यावर मी. बायको-मुलं साताऱ्याला, पोरांची शाळा मोडायला नको म्हणून. खाली चाचा. श्रीवर्धनकडचे, उभा जन्म जहाजावर काढलेले, आता एकटेच.

किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यात माझा हात कुणी धरला नसता. अशाच एका रविवारी चाचांकडे जाऊन बसलो, तर ते गळाची काठी बनवत होते. "मलाही शिकवा," मी म्हणालो. मी माळकरी घरातला, मासा चित्रातच पाहिलेला. पण खाली बसायला काहीतरी निमित्त हवं होतं.

काम मुठीचं. भोक पाडलेल्या बुचाच्या चकत्या काठीत ओवून गोंदानं चिकटवायच्या, वाळल्या की पॉलिश पेपरनं घासून आकार द्यायचा. बुचाला बारीक खड्डे असतात. ते घासताना पडलेल्या भुशातच गोंद कालवून बुजवायचे. मग पाणी मुरू नये म्हणून व्हार्निशचा एकच पातळ हात, फडक्यानं.

पहिल्या रविवारी मी बूच इतकं घासलं, की मुठीला कंबर आली.

"साहेब, ही मूठ आहे की लावणीवाली?" चाचांनी चकत्या काढून नव्या बसवल्या.

दुसऱ्या रविवारी व्हार्निशचे तीन जाड हात दिले. मूठ चकाकली. चाचांनी ती तोंडासमोर धरून भांग पाडला. "आरसा छान झालाय. ओल्या हातातून सुटली की काठी खाडीत आणि साहेब काठावर." सगळं खरवडून काढलं.

या दोन चुका प्रामाणिक होत्या, हे नोंदवून ठेवतो.

तिसऱ्या रविवारी मूठ चक्क जमली. चाचांनी अंगठा फिरवून पाहिला. "पुढच्या रविवारी व्हार्निश. संपलं काम."

काठी घेऊन वर आलो. संपलं? मग पुढच्या रविवारी मी करू काय? दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी भाजीच्या सुरीनं मुठीचा टवका काढला.

"पडली हो," चाचांना सांगितलं. त्यांनी टवक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भुसा कालवायला घेतला. पुढच्या आठवड्यात काठी पुन्हा पडली. त्याच्या पुढच्याही. चाचांच्या थट्टा कमी होत गेल्या. मला वाटलं, वय झालं.

सातव्या रविवारी नवा टवका घेऊन उतरलो, तर दारात बॅगा. दुबईचा मुलगा अचानक न्यायला आलेला, खाली टॅक्सी उभी.

"परत पडली?" चाचांनी विचारलं.

"हो."

"साहेब, पडल्यावर सुरीचा वण येत नाही." ते हसले नाहीत. "करावेच्या खाडीवर बरोबर जाऊ म्हणून मी घाई करत होतो. बाजूला कुणी बसून गळ टाकलाय, त्याला किती वर्षं झाली. तुम्हाला माझ्याबरोबर यायचं नाही, हे सरळ सांगायचं ना. काठीला कशाला छळलंत?"

मी तोंड उघडलं. "चाचा, ते तसं नव्हतं..." मुलानं खालून हाक मारली. चाचांनी व्हार्निशची उरलेली बाटली माझ्या हातात दिली आणि जिना उतरले.

इमारतीत आता एकच दिवा. टवका बुजवला, बारीक पेपरनं घासला, फडक्यानं एक पातळ हात दिला. कुणी चूक काढायला नव्हतं, तर पहिल्या फटक्यात जमलं.

पुढच्या रविवारी एकटाच करावेला गेलो. खाडीत गळ टाकून तासभर बसलो. जाळं घेऊन चाललेला गावातला एक म्हातारा थांबला, मी वर ओढलेल्या दोरीकडे बघत राहिला.

"दादा, गलाला कायच लावलेला नाय हाय."

खरंच की. आमिष लावायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. माझी शिकवणी मुठीच्या पुढे गेलीच नव्हती.

"असू दे," मी म्हणालो. मग घाईघाईनं, "बसा ना जरा."

"जाल सुकवायचा हाय," म्हणून तो हसत निघून गेला. मी तसाच बसलो. हाताला घाम आला होता, पण मूठ घसरत नव्हती.